बापूंच्या घंटेतला बोळा

हे खोटं वाटेल. वाटू द्या. मी शिला, औंढ्याजवळच्या आमच्या बंजारा तांड्यावर राहते. मागच्या फाल्गुनात, भर दुपारी दोन वाजता, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमचे पूर्वज बैलांवर धान्य लादून पार दिल्लीच्या बादशाही बाजारापर्यंत जायचे, असं घरात सांगतात. त्या काळातली एकच वस्तू उरली. पुढच्या बैलाची पितळी घंटा.

ती वाजली की अख्खा तांडा उठून चालू लागायचा. म्हणून घरात तिच्या पोटात कायम चिंध्यांचा बोळा.

'त्यो बोळा काढायचा न्हाई बरं, पोरी,' सासरे बजावायचे. आमी त्यांना बापू म्हणतो. लकव्यानं तीन वर्षं खाटेवर आहेत. उजवा हात तेवढा हलतो.

कॉलेजात दिल्लीच्या इतिहासाचं प्रदर्शन होतं. कॉलेजवाल्यांनी घंटा मागितली. आता काळीकुट्ट वस्तू चार लोकांत कशी द्यायची? मेलं माझं हे घासायचं खूळ! बाकी सगळे हळद शिजवायला शेतात गेले होते. मी चिंच घेतली, घंटा घासली आणि आतूनही घासायची म्हणून बोळा उपसला.

एकदाच वाजली.

गोठ्यात जनावरं निवांत बसली होती. ती उठली... सगळी एकदम. तोंडं उत्तरेला.

मग रस्त्यावर खुरं वाजू लागली. शेकडो खुरं... मी दारात धावले.

रस्ता रिकामा. धूळ मात्र उडत होती.

मागं खाट करकरली...

बापू उभे होते.

'बापू! कुठं निघालात?'

'दिल्लीला. समदे निघून राहिले. मलाच काहून मागं ठेवता?'

आणि ते चालायला लागले हो! मी कमरेला मिठी मारली, तर मलाच फरफटत अंगणात नेलं. घंटा माझ्या हातातच होती. प्रत्येक हिसक्याला वाजत होती, आणि ते आणखी जोरात ओढत होते.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पदराचा तुकडा फाडला, घंटेत कोंबला.

खुरं थांबली. बापू जागीच कोसळले.

घंटा मी दिली न्हाई. खाटेखालच्या पेटीत कुलूप लावून ठेवली. बापू रोज रडतात. 'एकदा काढ ना बोळा. मला चालायचंय.' माझं काळीज तुटतं. पण गेले तर परत येतील का?

काल दुपारी शेतातून आले. पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं.

माझ्या पदराचा तुकडा मात्र बापूंच्या उशाशी पडला होता.

बापू झोपलेले. पायात चपला. उजवा हात पेटीवर.

मी तो हात हळूच उचलून बाजूला ठेवला. पेटीला हात लावायची हिंमत होत न्हाई. आत घंटा मोकळी आहे.