पत्र्याचा डबा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण माझ्या मामांसमोर हसू नका.

रात्र नव्हती. शनिवारची भर दुपार होती.

मामा नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होते. सार्वजनिक शौचालयं आणि गटारं त्यांच्या देखरेखीखाली. आणि गंमत अशी, की मामांना वास म्हणून सहन व्हायचा नाही! नाकाला रुमाल लावून ते रस्त्यावरूनच तपासणी उरकायचे. कामगार त्यांना पाठीमागे 'रुमालसाहेब' म्हणायचे.

त्या दिवशी बाजारामागच्या बायकांच्या शौचालयाचं गटार तुंबलं होतं. घाण पाणी पायरीपर्यंत आलेलं. दुरुस्ती मंगळवारी होणार, तोवर कुलूप लावायचं होतं.

कुलूप लावण्याआधी आत जाऊन एकेक दार ढकलून बघायचं, असा नियम.

मामा बाहेरूनच ओरडले, "आत कोणी आहे का?"



मग आतून आवाज आला.

टण्... टण्...

पत्र्याचा डबा फरशीवर आपटावा तसा.

"साहेब, बाई असेल आत," सफाई कामगार म्हणाला. "बायका कुठं ओ देतात? डबा वाजवतात. कुणा बाईला बोलावून आणू?"

"उंदीर असेल रे. या घाणीत कोण मरायला जाईल? लाव कुलूप."

त्यानं कुलूप लावलं. मामांनी रजिस्टरमध्ये लिहिलं : 'आवाज दिला. आत कोणी नाही.'

मंगळवारी कुलूप काढलं.

तिसरं दार आतून बंद होतं...

आत कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या आजी होत्या. तीन दिवस त्यांची मुलगी त्यांना गावभर शोधत होती. पण बाहेरून कुलूप असलेल्या ठिकाणी कोण बघणार?

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. नक्की कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

मुलगी मामांसमोर येऊन उभी राहिली.

"साहेब, आतून काहीच आवाज आला नव्हता का?"

मामांनी रुमाल नाकावरून काढलाच नाही.

"नाही."

कामगार खाली बघत राहिला.

"म्हणजे आई आधीच गेली होती," ती म्हणाली. "तिला त्रास नसेल झाला." आणि तिनं मामांना हात जोडले.

ते हात मामांना आजही दिसतात.

आठवड्यानं मामा शहराच्या दुसऱ्या टोकाला नवीन शौचालय बघायला गेले. अजून सुरूही झालं नव्हतं. सगळी दारं सताड उघडी. सवयीनं त्यांनी हाक मारली.

टण्... टण्...

या वेळी मामा धावत आत गेले. रुमाल वाटेतच पडला.

कोणी नव्हतं. फरशी कोरडी ठणठणीत. नळांना अजून पाणीच आलेलं नव्हतं.

तिसऱ्या दाराआड मात्र एक पत्र्याचा डबा होता. काठोकाठ भरलेला.

आतलं पाणी अजून हलत होतं...

तेव्हापासून मामा हाक मारल्याशिवाय कुठलंच दार लावत नाहीत. घरातलं कपाटसुद्धा! आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. गेल्या महिन्यात त्यांनी मला हे सगळं सांगितलं, तेव्हा माझं हसणं बंद झालं.

"मला कळलं होतं रे, आत बाई आहे," ते मान खाली घालून म्हणाले. "नुसती आत जायची किळस आली."

"मामा, तिच्या मुलीला जाऊन खरं सांगा ना."

"कुठल्या तोंडानं सांगू?"

परवा मामा, मामी आणि मी बाहेर निघालो होतो. तिघंही दाराबाहेर. घर रिकामं. मामी जिना उतरून गेली. मामांनी उंबऱ्यातून हाक मारली, "आत कोणी आहे का?"

मी घड्याळ बघत होतो.

टण्... टण्...

मामांच्या घरात पत्र्याचा डबा नाही. सगळं प्लॅस्टिकचं आहे.

मामांनी माझा हात घट्ट धरला.

"ऐकलंस ना? तूही ऐकलंस ना?"

खाली गाडी थांबली होती. उशीर होत होता. आणि खरं सांगतो, आत जायची माझी छाती झाली नाही.

"नाही," मी म्हणालो.

आणि कुलूप लावलं.