पश्चिमेच्या कठड्यावरची हातोडी

यंगदो बेटावर आलेल्या पाहुण्याला आम्ही आधी मैदान दाखवीत नाही. आधी जेवू घालतो. उपाशी माणसाला आमचा संघ आवडणे कठीण आहे. मैदानावर गवत नाही, गोदीकडून येणारा वारा डोळ्यांत माती भरतो, आणि ‘यंगदो मांगची’ नावाचा एक फुटबॉल क्लब आपल्याच शहरात आहे, हे निम्म्या बुसानला ठाऊकही नाही. मांगची म्हणजे हातोडी. या क्लबची अध्यक्ष मी, प्यो बोक-सिल. माझ्या हयातीत हे मैदान जाणार नाही, असे मी सर्वांना सांगून ठेवले होते.

त्या शनिवारचा पाहुणा होता मेंग ते-जुन, मैदानाची जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाचा अधिकारी. जमीन आमच्याकडे राहू द्यायची की मालट्रक उभे करायला द्यायची, हे त्याच्या शिफारशीवर ठरणार होते. चाळिशीचा, नम्र, चकचकीत बुटांचा माणूस. मी त्याच्यापुढे माशाच्या वड्यांचा वाफाळता रस्सा ठेवला.

“अध्यक्षबाई, खरं सांगू का? निर्णय जवळजवळ झालाय,” तो म्हणाला. “मी आपला रीत म्हणून आलोय.”

“रीत म्हणून आलात, तर रीतीने बघा. आणि जरा मोठ्याने बोला. माझा एक कान गेलाय, दुसरा जायच्या बेतात आहे.”

शेजारी बसलेली सुन-आक हसली. “साहेब, हिला जे ऐकायचं नसतं ना, ते हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.”

कान आमच्या दोघींचेही कामाने गेले. जहाजाच्या कुशीला दोरांनी टांगलेल्या फळीवर बसायचे आणि हातोडीने गंज झोडायचा, हा आमचा आयुष्यभराचा उद्योग. त्या कल्लोळात शब्द पोहोचत नसत, म्हणून आम्ही बायका ठोक्यांनी बोलत असू. प्रत्येकीचा ठोका निराळा. डोळे मिटूनही ओळखावा असा. पुढे आमच्या मुलांनी क्लब काढला, तेव्हा ढोल आणण्याची भाषा झाली. ती मी मोडून काढली. बाकांपुढे पायांखाली जहाजाचा पत्रा बसवला, तो थेट पश्चिमेच्या पायऱ्यांपर्यंत नेला, आणि सामना सुरू झाला की आम्ही त्यावर हातोड्या चालवू लागलो. आजही चालवतो.

आमच्यातली एखादी गेली की तिची हातोडी पश्चिमेच्या कठड्याला टांगली जाते. त्या पायऱ्यांवर कोणी बसत नाही. हंगाम सुरू होताना खेळाडू तेथे तांदळाची दारू ओततात आणि कमरेत वाकून नमस्कार करतात. त्या हातोड्यांना हात लावू नये, असे कोणी कोणाला कधी सांगितलेले नाही. इथल्या माणसाला ते सांगावे लागत नाही.

मेंग इथला नव्हता.

उत्तरार्धात तो छायाचित्रे काढायला उठला. सारे मैदान पश्चिमेच्या पायऱ्यांवरूनच दिसते. आमचा गोलरक्षक एकामागून एक चेंडू अडवीत होता, आम्ही बायका पत्रा झोडीत होतो, आणि माझे लक्ष खेळावर होते. मला काही ऐकू आले नाही. समजले ते तळव्यांना. पत्र्यातून एक नवा ठोका माझ्या पायांशी आला: दोन झटपट, मग उसंत, मग मनगट वळवून दाबलेला एक.

तो गु दाल्लेचा ठोका होता.

दाल्लेताईने मला हे काम शिकवले. फळीवर ती माझ्या उजव्या हाताला बसे. तिचा दोर तुटला तेव्हाही ती तिथेच होती, आणि तिच्या दिवसकार्याला आलेल्या मंडळींना भात मी वाढला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. उंचीवर टांगून काम करणाऱ्या बाईला तो परवडत नाही. पाहुण्याला हौस आली असेल, हात सहज तसा पडला असेल, असे मी मनाला बजावले.

सुन-आकने आपली हातोडी खाली ठेवली होती. तिचेही पाय पत्र्यावर होते.

“ताई, कोण वाजवतंय ते?”

“पाहुणा.”

“तो पाहुण्याचा हात नाहीये. जा, काढून घे त्याच्याकडून. आत्ताच्या आत्ता.”

मी पायऱ्या चढले. मेंग कठड्याशी बसला होता, पाय खाली सोडून, जणू खाली पायरी नव्हतीच. उडणाऱ्या कपच्यांपासून जपावे तसे त्याने डोळे बारीक केले होते. उजव्या हातात दाल्लेताईची हातोडी होती. डावा हात डोक्याच्या वर होता आणि मूठ घट्ट आवळलेली. मुठीत काहीच नव्हते.

“मेंगसाहेब, ती हातोडी ठेवा.”

तो थांबला नाही.

“मेंगसाहेब.”

“डावीकडे सरक, बोक-सिल,” तो म्हणाला. आवाज त्याचाच होता. “किती वेळा सांगायचं तुला? जोर लावू नकोस. मनगट मोकळं सोड.”

मला नुसत्या नावाने हाक मारणारे कोणी आता उरलेले नाही.

मी हात पुढे केला. एक हिसका पुरेसा होता. खालून सुन-आक दोन्ही हातांनी खुणा करीत होती.

मी हात मागे घेतला.

“दाल्लेताई,” मी म्हणाले, “हे मैदान काढून घेतायत.”

ठोका थांबला.

“घेऊ देते होय मी,” तो म्हणाला.

ठोका पुन्हा सुरू झाला.

मी डावीकडे सरकले आणि त्याच्याशेजारी बसले.

सामना आम्ही हरलो. शिट्टी वाजल्यावर मेंगने हातोडी कठड्याला परत बांधली. गाठ फळीवरची होती, बरोबर बांधलेली. मग त्याने आपले चकचकीत बूट न्याहाळले आणि मला विचारले, “अध्यक्षबाई, आपण इथे केव्हा आलो?” फाटकापाशी मात्र तो वळून ठामपणे म्हणाला, “मैदान तुमचंच राहील.” तसा हुकूमही आला.

सुन-आक माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. शेवटचे बोलली ती एवढेच: “सोडवायला हवं होतंस.”

“सुटलं की मैदान.”

“मी मैदानाबद्दल बोलत नाहीये, ताई.”

तिला जे वाटते ते वाटो. पुन्हा तो प्रसंग आला, तर मी पुन्हा हात मागे घेईन.

मेंग आता दर शनिवारी येतो. कोणी बोलावीत नाही. त्याच्याशी आता मोठ्याने बोलावे लागते, तेही एकाच कानाच्या बाजूने. परवा पायऱ्या उतरताना त्याला खोकल्याची उबळ आली. त्याने तोंडाशी रुमाल धरला, आणि तो लाल झालेला पाहून घाबरून माझ्या हातात दिला. मी तो नाकाशी नेला. रक्ताचा वास मला माहीत आहे. तो गंज होता, जहाजाच्या पोटाचा. ओला, आणि अजून खारट.