उरलेले तीस ग्रॅम

वॉर्डातल्या शिकाऊ नर्स पोरी सिस्टरला पाठीमागे ग्रॅमबाई म्हणायच्या, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. "म्हणा की! तुमच्या अंदाजपंचे कारभारापेक्षा बरं," असं ती तोंडावर सुनवायची. वॉर्ड सहा खाटांचा. इथल्या सगळ्या पोरांनी दुखणं जन्मतःच आईबापांकडून आणलेलं. साध्या दुधातला एक घटक त्यांच्या अंगात पचत नाही, साचत जातो आणि थेट मेंदूवर जातो. म्हणून त्यांना वेगळी पावडर, मोजूनमापून, दर तीन तासांनी. ती कमी पडली तरी पंचाईत, कारण उपाशी अंग स्वतःचंच मांस वितळवतं आणि तोच घटक रक्तात उतरतो. त्यामुळे सिस्टर पाजायच्या आधी बाळाचं वजन करायची आणि पाजून झाल्यावर पुन्हा करायची. पोटात साठ ग्रॅम गेले तर काट्यावर साठ वाढलेच पाहिजेत. जातील कुठे?

तीन नंबरच्या खाटेवरच्या बाळाचे तीसच वाढले.

आधी तिने काट्यालाच दोष दिला. शेजारच्या वॉर्डातून दुसरा मागवला, अर्ध्या किलोचं वजन ठेवून तपासला. काटा खणखणीत. बाटली उलटी करून पाहिली, दुपटं हुंगलं, लंगोट तोलला. कुठे थेंब सांडलेला नाही की बाळ ओकलेलं नाही. मग दुपारी बारा वाजता तिने त्याला स्वतःच मांडीवर घेतलं. पठ्ठ्याने बाटली निपटून काढली, ऐटीत ढेकर दिला. आधी तीन किलो दोनशे. नंतर तीन किलो दोनशे तीस.

"अगं बाई," ती पुटपुटली. "बाकीचं गेलं कुठे?"

तीन वाजता तीस. सहा वाजता तीस. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा अहवाल आला, त्या घटकाचा आकडा थेट दुपटीवर. बाळ मलूल पडलं होतं. हाक मारली की डोळे उघडायला फार वेळ लावत होतं. डॉक्टर तिला दाराबाहेर घेऊन गेले.

"सिस्टर, आई दूध ओतून देत नाही ना? काही जणी घाबरतात पावडरीला."

"मी पाजतेय, डॉक्टर. माझ्या हाताने."

"मग मोजण्यात चूक होतेय. उद्यापर्यंत आकडा उतरला नाही तर हे बाळ बेशुद्ध होईल. नंतर आपल्या हातात फारसं काही राहणार नाही."

मोजण्यात चूक! बावीस वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. रागाने तिचे कान तापले. पण रागापेक्षा भीती मोठी होती. पोर डोळ्यांदेखत हातातून निसटत होतं आणि तिच्याकडे फक्त चुकीची बेरीज होती.

खाटेपाशी बाळाची आई बसली होती. तीन दिवसांत तिचा चेहरा अर्धा झाला होता. ती खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? हसू नका. हा पितो तेव्हा तुम्हाला दोनदा गिळल्यासारखं ऐकू येतं का?"

सिस्टरचा हात बाटलीवरच थांबला. येत होतं. एक घोट, आणि लगेच त्यामागून दुसरा, जरा लहान. पहिल्या दिवसापासून येत होतं. तिने कानाडोळा केला होता, कारण त्याचं वजन करता येत नव्हतं.

"ह्याच्या आधी मुलगी झाली होती मला," आई म्हणाली. "ह्याच खोलीत होती. तेव्हा हा वॉर्ड नव्हता. दुखणं कुणाला कळलंच नाही. तपासण्या चालल्या होत्या म्हणून शेवटचे दोन दिवस तिला काही द्यायचं नाही, असं सांगितलं होतं. उपाशीच गेली हो माझी पोर."

मग सिस्टर उठली, फळ्यावरचे साठ पुसले आणि एकशेवीस लिहिले.

डॉक्टर धावत आले. "डोकं ठिकाणावर आहे का? एवढंसं पोट! छातीत उतरेल!"

"पाच-पाच ग्रॅमने वाढवते. पोट फुगलं, खोकला आला, तर त्या क्षणी थांबते. तुम्ही इथेच उभे राहा. माझ्यावर नका, काट्यावर तरी विश्वास ठेवा."

डॉक्टर उभे राहिले, एक हात बाळाच्या पोटावर ठेवून. सत्तर. नव्वद. एकशेदहा. पोट मऊच राहिलं. एक घोट, त्यामागून दुसरा. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं.

काट्यावर साठ वाढले. ना एक कमी, ना एक जास्त.

दुसऱ्या दिवशी रक्तातला आकडा उतरला. बाराव्या दिवशी बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवायला लागलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. फळ्यावर एकशेवीस तसेच राहिले.

मग घरी सोडायचा दिवस आला, आणि कार्ड लिहिताना सिस्टरचं पेन अडलं. दर तीन तासांनी किती? ती मुलगी बरोबर जाणार असेल आणि साठ लिहिले, तर बाळ घरी उपाशी मरेल. ती जाणार नसेल आणि एकशेवीस लिहिले, तर त्याच्या छातीत उतरेल.

"शेवटचं एकदा मोजू," सिस्टर म्हणाली.

साठ पाजले. एकच घोट, एकच घोट. काट्यावर साठ वाढले.

आईने तोंडाला पदर लावला. "म्हणजे ती गेली?"

"गेली," सिस्टर म्हणाली. "सुटली बिचारी." आणि कार्डावर ठसठशीत साठ लिहिले.

त्यांना जिन्यापर्यंत पोचवून ती काटा पुसायला परत आली.

पारडं रिकामं होतं. आकडा दोन किलो नऊशे चाळीस.

तिने वायर काढली, पुन्हा लावली. क्षणभर शून्य दिसलं. मग आकडा परत आला.

एखादी वस्तू ठेवली की आकडा एका जागी थांबतो. बाळ ठेवलं की थांबत नाही. ते पाय झाडत असतं.

चाळीस. पंचेचाळीस. अडतीस.

घड्याळात तीन वाजत आले होते.

"आले गं, आले," सिस्टर म्हणाली, आणि तिने पावडरीचा डबा उघडला.