कलावतीच्या अंगणातली केळ

या अभ्यासातून देवश्रीला काय मिळायचं होतं, ते आधी मांडून टाकू. त्वचारोगाची एमडी, एखाद्या बऱ्या नियतकालिकात छापलेलं नाव आणि जमलं तर नवा रायपूरला नोकरी. एवढं ती सगळ्यांना सांगायची. एक गोष्ट मात्र सांगत नसे. रायपूरच्या गुढियारीतल्या घरात मच्छरदाणीखाली कण्हत पडलेले तिचे बाबा, रेल्वेतून निवृत्त झालेले शामराव, तिला जगवायचे होते.

रोग पेम्फिगॉइड. शरीराची राखण करणारी यंत्रणाच स्वतःच्या कातडीवर उलटते आणि अंगभर पाण्याचे टपोरे फोड येतात. यात कोण तगतं आणि कोण जातं, हाच देवश्रीचा विषय. वय झालेलं, साखर वाढलेली, रक्तातली प्रथिनं घसरलेली, जखमा चिघळलेल्या. हे सगळं एका अंगात जमलं की माणूस सहसा वर्ष काढत नाही. बाबांच्या अंगात सगळं जमलं होतं. पोरीनं स्वतःच्याच अभ्यासानं बापाला जाणाऱ्यांच्या रांगेत बसवलं होतं.

मग जुन्या रुग्णांना फोन लावायचं काम निघालं आणि गंमत झाली. जे हमखास गेले असणार, तेच फोन उचलू लागले. सोबतचा डॉक्टर लोकेश म्हणाला, "मॅडम, तुमच्या हिशेबानं मेलेले तर मस्त जेवून राहिले. थीसिस बदलता, का त्यायलेच समजावता?"

देवश्रीला आनंद लपवता येईना. त्याच दुपारी तिनं स्कूटीवरून अभनपूर गाठलं. फोन उचलणाऱ्यांतले एक लहानूजी, तिथले निवृत्त मास्तर. त्यांनी स्वतःच चहा केला, मग सदरा वर करून पाठ दाखवली. एक डाग नाही. लहान लेकराची असावी तशी कातडी, आणि तिच्यावर कण्यापासून दोन्हीकडे निघालेल्या बारीक, तिरप्या रेघा. दवाखान्यात चादर अंगाला चिकटू नये म्हणून त्यांना केळीच्या पानावर निजवायचे. पान यायचं तिथल्याच कलावती आयाच्या अंगणातून. दुसऱ्या घरी तेच ऐकायला मिळालं, तिसऱ्या घरीही तेच.

कलावती रायपुरातच, टिकरापाऱ्यात राहत होती. घरामागच्या अंगणातली केळ छपराच्याही वर गेलेली. वारा पडला होता, शेजारची पपई चित्रासारखी उभी होती, आणि केळीची पानं हलत होती.

"हिले कधी फळ नाही आलं," पान कापता कापता कलावती म्हणाली. "न्या दीदी. पण ज्यानं पसरवलं त्यानंच उचलायचं. घरच्या दुसऱ्या कोणी हात नाही लावायचा."

"काहून?"

कलावतीनं विळा पदराला पुसला. "ज्यायच्या घरी माणूस वाचला, त्यायले विचारा."

विचारते, म्हणत देवश्री स्कूटीवर बसलीसुद्धा. एवढी घाई झालेल्या माणसाला उत्तराचं काय काम?

संध्याकाळी तिनं बाबांखाली पान पसरलं. सकाळी त्यांचे फोड सुकले होते. कित्येक महिन्यांनी ते स्वतःहून उठून बसले आणि पेपर मागू लागले. त्यांच्या पाठीच्या आकारात, पानावर, स्वच्छ पाण्याचे फोड टरारून आले होते.

देवश्री नाचायचीच बाकी होती. पान तसंच राहू दे, मी येऊन उचलते, असं आईला बजावून ती नमुन्याच्या बाटल्या आणायला दवाखान्यात धावली. कमलाबाई हो म्हणाल्या, जशा त्या नेहमीच म्हणायच्या.

बाटल्या पिशवीत भरता भरता तिनं लहानूजींना आनंदाची बातमी द्यायला फोन लावला. सहज विचारलं, तुमचं पान कोणी उचललं होतं?

"माझ्या बायकोनं. कलावती सुट्टीवर होती त्या दिवशी." मास्तर म्हणाले. "मी घरी आलो, अन् तिच्या अंगावर फोड सुरू झाले. गेली बिचारी."

तिनं दुसऱ्या घरी फोन लावला. तिथे पान सुनेनं उचललं होतं. ती आता हयात नव्हती.

तिसऱ्या घरी थोरल्या मुलानं. तोही गेला होता.

देवश्रीनं रुग्णाचं सगळं विचारलं होतं. सेवा करणाऱ्याचं काहीच नाही.

तिनं घरी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.

ती पोचली तेव्हा बाबा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. पलंगावर धुतलेली चादर. पान नव्हतं.

"आई, पान?"

"उचललं मी." कमलाबाईंचा एक हात पदराखाली होता. "लग्न झालं तवापासून तुया बापाचं उष्टं ताट दुसऱ्या कोणाले उचलू देलं का मी? आता लेकीले उचलू देऊ?"

देवश्रीनं पदर बाजूला केला. तळव्यावर बारीक, तिरप्या रेघा. मधोमध एक टपोरा फोड.

"गरम भांडं लागलं असंल," आई म्हणाली.

फोड गार होता.

बाबा वाचले. देवश्रीला शोध मिळाला. दोघांचंही मोल कमलाबाई भरत होत्या, उजव्या हातापासून सुरुवात करून.