झेंड्याला लावलेलं ठिगळ

सिंगापूरच्या यिशुनमध्ये कपडे खिडकीबाहेर बांबूवर वाळतात, आणि वरच्यांचे कपडे अधूनमधून खालच्यांकडे मुक्कामाला येतात. सहाव्या मजल्यावरच्या हर्षाकडे आजवर दोन मोजे आणि एक लुंगी आली होती. ऑक्टोबर २००६ मधल्या एका रविवारी मात्र झेंडा आला. लाल, पांढरा, हिरवा... आणि मधोमध ताटलीएवढं भोक.

तिच्या बांबूचं टोक फुटलेलं होतं. तो बदलायचा असं ती जूनपासून म्हणत होती. हर्षानं टोकाकडे पाहिलं, भोकाकडे पाहिलं, आणि झेंडा घाईघाईनं आत घेतला. भोक कात्रीनं कापल्यासारखं गोल होतं. पण हर्षासारखा, विद्यापीठात संशोधन करणारा माणूससुद्धा एकदा स्वतःला दोषी ठरवून बसला की पुरावा तपासत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारातल्या तरुणानं इंग्रजीत सुरुवात केली, आतल्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि मराठीवर आला.

“जय भीम. मी प्रबोध, आठव्या मजल्यावरचा. माझा झेंडा... अरे, चौदा तारखेच्या, धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही होतात ना? पांढरी साडी?”

“हो. तुम्ही खिरीच्या रांगेत दोनदा उभे होतात.”

“म्हणजे बघत होतात!”

हर्षाचे कान तापले. “झेंडा आहे. पण... मळला होता. मी भिजवलाय. उद्या देते.”

यातलं एक अक्षर खरं नव्हतं.

“उद्या?” त्याचा चेहरा का कोण जाणे, उजळला. “पाचला येतो. माझ्या पीएचडीच्या गाइड इलोनाबाईंचा आहे तो. हंगेरीच्या आहेत. उद्या तेवीस ऑक्टोबर, त्यांचा राष्ट्रीय दिवस, पन्नासावं वर्ष. सातला त्यांच्या घरी लावायचा. सुमात्राच्या वणव्यांच्या धुराचा वास बसला होता, म्हणून धुवायला आणला.”

तो गेल्यावर हर्षानं एका ब्लाउजमधून लाल, ओढणीतून हिरवा आणि त्याच पांढऱ्या साडीच्या पदरातून पांढरा तुकडा कापला. टाके इतके बारीक घातले की शिवण बोटाला लागेना. तिला स्वतःचं कौतुक वाटलं. ते एक दिवस टिकलं.

दुसऱ्या दिवशी पाचला प्रबोधनं झेंडा झटकून उलगडला आणि उजेडाकडे धरून पाहत राहिला. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

“हे... तुम्ही केलंत?”

“माझ्या बांबूनं फाटला हो. काल खोटं बोलले मी. पण नीट जमलंय ना?”

“फार नीट. भोक दिसतच नाही.”

“मग?”

“ते भोकच तर...” त्यानं झेंडा मांडीवर घेतला आणि उंबऱ्यातच बसला. “छप्पन साली तिथं रशियाच्या कह्यातलं सरकार होतं. झेंड्यावर मधोमध त्या सरकारचं चिन्ह. तेवीस ऑक्टोबरला लोक रस्त्यावर उतरले आणि ते चिन्ह कापून काढलं. हे भोक बाईंनी स्वतः पाडलंय. सतरा वर्षांच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं.”

हर्षाला आजी आठवली. त्याच साली, त्याच महिन्यात, तिची आजी नागपूरहून दीक्षा घेऊन परतली आणि तिनं घरातल्या कोनाड्यातला देव्हारा रिकामा केला. तो कोनाडा आजी मरेपर्यंत रिकामाच होता. तिथं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याला किंमत होती. एखादी सुगरण शेजारीण येऊन, ‘अगंबाई, किती मोकळं दिसतंय!’ म्हणत देव परत मांडून गेली असती तर? ती शेजारीण आज हर्षा होती.

“मी एकटाच जातो,” प्रबोध हळूच म्हणाला. “वाटेत उसवतो. बाईंना कळणारही नाही.”

“मी येते. मीच सांगते.”

“ओळख काय करून देऊ?”

“जिनं हे केलं ती.”

एमआरटी मेट्रोत त्यानं झेंडा ताणून धरला आणि ती सुईनं टाके उसवत राहिली. स्वतःच्या सुबकपणाचा तिला इतका राग कधी आला नव्हता. गुडघ्याला गुडघा लागला... कुणीच मागे घेतला नाही. कामच तसं होतं, असं दोघांनी समजून घेतलं.

इलोनाबाईंनी सगळं ऐकलं. भोकाभोवतीच्या सुईच्या खुणांवरून बोट फिरवलं.

“का शिवलंस?”

“लाज वाटली म्हणून.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, हर्षानं कोनाड्याचं सांगितलं.

बाईंनी झेंड्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं प्रबोधच्या. “धरा. उंच.”

परतताना स्टेशनच्या वाटेवर प्रबोध अडखळला.

“काल तुम्ही ‘उद्या देते’ म्हणालात... बाईंची पन्नास वर्षं होती त्यात. मी तिथल्या तिथं मागून घ्यायला हवा होता, निदान बघायचा तरी. पण मला वाटलं, चला, उद्या परत यायला मिळेल. जिन्यात शीळ घालत होतो मी.”

“लाज नाही वाटली?”

“वाटायला हवी होती. दिवसभर वाट पाहिली तिची, आलीच नाही.”

“निर्लज्ज आहेस,” हर्षा म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला. तो सोडवून घेण्याइतकी लाज त्यालाही वाटली नाही.