स्वस्तातली गोळी

खुळ्ळ… डब्यात एकच गोळी वाजली, आणि दुपारच्या गपगार घरात सत्यशीलेचा हात थबकला.

"आई, महिन्याच्या गोळ्या कुठं हायत?"

चांगुणाबाईनं ज्वारी पाखडता पाखडता मान न उचलता सांगितलं, "निम्म्याच आणल्यात, एक दिसाआड घेती मी. लय महाग हायत त्या, बाई."

साखरेच्या आजारात अशी काटकसर चालत नाही, हे डी.एड.ला शिकणाऱ्या पोरीला कळत होतं. चिठ्ठी घेऊन ती तशीच पाथरीच्या स्टँडाजवळच्या मेडिकलात गेली. बाहेर भुरभुर चालू होती. काउंटरवर नवा माणूस होता, पंडित नावाचा. भिजलेली चिठ्ठी त्यानं शर्टाच्या बाहीनं अलगद टिपली… आणि सत्यशीलेला उगाच वाटलं, आपल्याच गालावरचं पाणी कुणी टिपलं.

"ही पट्टी बावीस रुपयांची," तो हळूच म्हणाला. "हेच औषध दुसऱ्या कंपनीचं सात रुपयात हाय. नफा कमी म्हणून मालक ठेवत न्हाईत. मी परभणीहून मागवतो. गुरुवारी या."

गुरुवारी ती गेली. गोळी आली नव्हती. पुढच्या गुरुवारीही नाही. तोवर ती बावीसचीच पट्टी नेत राहिली.

"आली का?"

"गोळी न्हाई आली… पण तुमी आलात की!"

ती हसू दाबत म्हणाली, "बाकीच्या बायांना ताई म्हणता. मला का न्हाई?"

"तुमाला ताई म्हणलं, की पुढचं सगळंच बंद होतंय…"

चौथ्या गुरुवारी पट्टी आली. ती तिच्या हातात देताना पंडितचा आवाज जरा घोगरा झाला. "ताकद तीच हाय. रोज एकच, आन् पोटात अन्न पाहिजे. आईला आठवणीनं सांगा. स्वस्त म्हणून लोक दोन-दोन घेतात. आणि… माझी आई येणार हाय गावाकडून. तिला तुमच्या घरी आणावं म्हणतो."

त्या दिवशी सत्यशीला घरी चालत आली की तरंगत, तिलाच ठाऊक. आईला सांगायला गेली. पण 'कोण म्हणालं?' असं आईनं विचारलं असतं, आणि ते नाव घेताना चेहऱ्यानं सगळंच सांगून टाकलं असतं. 'उद्या सांगू' म्हणत तिनं पट्टी डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. चांगुणाबाईचा उपोसथ, बौद्धांचा पौर्णिमेचा उपास. सत्यशीला कॉलेजात होती. इवलीशी गोळी तळहातावर घेऊन म्हातारी सहा वर्षांच्या नातीला, केशरला म्हणाली, "सात रुपयांची गोळी बावीसच्या बरोबरीला कशी यायची गं? दोन घ्याव्या लागतील." आणि उपाशीपोटी दोन घेतल्या.

दुपारी तिला दरदरून घाम सुटला, बोबडी वळली. शेजारणीनं साखरपाणी आणलं, तर बाकीच्यांनी तिचा हात धरला. "साखरेच्या माणसाला साखर?" जीप दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

संध्याकाळी केशरकडून दोन गोळ्यांचं कळताच सत्यशीलेच्या थोरल्या भावानं, सूर्यभाननं मेडिकलात जाऊन पंडितची कॉलर धरली. "हलकी गोळी देऊन मारलंस माझ्या आईला! किती घ्यायच्या, सांगता येत नव्हतं तुला?"

पंडितनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. पायरीवर सत्यशीला उभी होती, ओठ पांढरेफटक. एक क्षण नजरेला नजर मिळाली…

"चुकलं माझं," तो म्हणाला. "सांगायचं राहिलं."

तिनं तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून ती पायरी उतरली. मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

चौथ्या दिवशी आईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीसाठी मेणबत्त्या आणायला ती केशरला बोटाशी धरून निघाली. स्टँडावर परभणीची गाडी लागली होती. पत्र्याची पेटी घेऊन पंडित दाराशी उभा होता.

"खोटं का बोललात?"

"तुमाला त्या घरात राहायचंय. मी काय… कुठंबी राहीन."

"मी आजच सांगते दादाला. मग तुमी तुमच्या आईंना घेऊन या—"

"नका सांगू." तो कसनुसा हसला. "सांगितलं तर घर तुमाला माफ करणार न्हाई. आन् न सांगता मी तुमच्या दारात येऊ शकत न्हाई."

कंडक्टरनं घंटी ओढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत सत्यशीला बघत राहिली.

केशरनं तिचं बोट हलवलं.

"आत्या, त्या मामानं तुला खरंच सांगितलं नव्हतं का गं?"