कोब्यातला खळगा

कुणाला पटो न पटो, पण हे घडलंय. इंदापूरच्या वरकुट्यात, माझ्या मावसभावाच्या घरी. तेही रात्री नाही... टळटळीत दुपारी.

सोमनाथ शाळेत शिक्षक. भूतखेत त्यानं कधी मानलं नाही.

स्वयंपाकघरात नवी टाईल बसवायची म्हणून जुनी फरशी उचकटली. गंगाराम गवंड्यानं खालची माती ठोकून घट्ट केली. वर सिमेंटचा कोबा घालून पट्टीनं सपाट केला. दारात आडवी फळी लावून तो आणि सोमनाथ जेवायला बसले.

परत येऊन बघतात तर...

मधोमध खळगा.

माती दबली असेल, म्हणत गंगारामनं तो भरला.

दिवस कलताना पुन्हा तिथंच. आता आकार कळत होता... कुशीवर पडलेलं माणूस. ओट्याकडे लांब केलेला हात. मनगटापाशी बांगड्यांच्या रेघा.

फळी हलली नव्हती. पाऊल उमटलं नव्हतं.

शेजारच्या खोलीत सोमनाथची आई, माझी मावशी भागुबाई, लसूण सोलत होती. तिच्या बांगड्या किणकिणत होत्या.

"गुरुजी, हे काम माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," गंगाराम हळूच म्हणाला आणि निघून गेला.

सोमनाथनं स्वतः खळगा भरला. कोबा वाळला. आईला मात्र त्यानं आत जायला मनाई केली.

"आरं, माझ्याच घरात मला बंदी व्हय?" ती हसली होती.

एका दुपारी तो शाळेत होता. बायको, अंजली, मागं धुणं वाळत घालत होती. स्वयंपाकघरातून बांगड्यांचा आवाज आला...

मग थांबला.

मावशी कुशीवर पडली होती. एक हात ओट्याकडे. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

दिवसकार्य उरकल्यावर सोमनाथनं पहारीनं सगळी जमीन खणली. हाड नाही, काही नाही. नुसती माती. ती काढून नवा मुरूम भरला, पुन्हा कोबा घातला आणि दारातच राखणीला बसला.

काहीच होईना. जरा जिवात जीव आला.

तेवढ्यात पहिलीतल्या लेकीनं, साक्षीनं, अंगणातून हाक मारली. त्यानं क्षणभर मान वळवली...

या वेळचा खळगा छोटा होता. गुडघे पोटाशी घेतलेले.

त्यानं तो भरला नाही. त्याच संध्याकाळी घराला कुलूप लावून तिघं भवानीनगरला भाड्याच्या खोलीत आले.

परवा मी तिथं गेलो होतो. साक्षी झोपली होती. सोमनाथ उशाशी बसून तिचे दुमडलेले पाय सरळ करत होता.

ती पुन्हा पोटाशी घेत होती.